सावकार अजून आलेला नाही

"कार्डबाई, घात झाला! सरांचा आवाज बसला!"

टाइपिस्ट जिन्यातूनच ओरडला. कार्डबाईंनी हातातला कार्डांचा गठ्ठा तसाच छातीशी धरला आणि आतल्या खोलीत धावल्या. सर गळ्याभोवती मफलर गुंडाळून खुर्चीत बसले होते. त्यांनी तोंड उघडून बोलायचा प्रयत्न केला. बाहेर आला तो फक्त गंजलेल्या बिजागरीचा आवाज.

"आज? नेमकं आजच?"

सरांनी कागद ओढला आणि लिहिलं, 'तुम्ही बोला.'

"मी? अहो सर, मी पाहुण्यांना पाणी देते. चार माणसं समोर बसली की माझी जीभ टाळ्याला चिकटते, ठाऊक आहे तुम्हाला."

सरांनी लिहिलेल्या शब्दांखाली जाड रेघ मारली.

ती शब्दकोशाची कचेरी होती, सर कोशाचे संपादक. दोन खोल्या आणि भिंतीभर लाकडी खण. प्रत्येक खणात शब्दांची कार्डं. कार्डबाई इथे आल्या त्या कुणाच्या तरी बाळंतपणाच्या रजेत, बदली म्हणून. ती बाई परत आली नाही आणि यांना कुणी जा म्हटलं नाही. कार्डं अक्षरांच्या क्रमाने लावायची, कुठला शब्द गळला असेल तर शोधायचा, एवढंच त्यांचं काम. घरी लेक चिडवायची, "आई, आयुष्य गेलं तुझं पत्ते पिसण्यात." त्या म्हणायच्या, "पिसत नाही गं, लावते."

कोश 'व'पर्यंत छापून झाला आणि पैसे देणाऱ्या संस्थेने हात वर केले. "म्हणजे आपली भाषा 'व'पाशी वारली," असं टाइपिस्ट सगळ्यांना सांगत फिरत होता. अशात एका कुलपांच्या कारखान्याच्या मालकीणबाईंचा निरोप आला होता, आज येऊन बघते म्हणून. त्या नाही म्हणाल्या तर 'श'पासूनचे सगळे खण रद्दीत जाणार होते.

आणि त्या आल्याच. ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, पायात कॅनव्हासचे बूट. सरांनी पुढे केलेली खुर्ची त्यांनी घेतली नाही. स्टूल ओढून बसल्या आणि आधी समोरच्या कपाटाचं कुलूप हलवून पाहिलं.

"हे आमचं नव्हे," त्या म्हणाल्या. "सरांना काय झालं?"

"आवाज गेलाय," कार्डबाई कशाबशा बोलल्या.

"बरं झालं. मला भाषण नकोच होतं. एकच विचारते. मी पैसे दिले तर तुम्ही मला काय म्हणणार? मागे एका नाटकवाल्याला मदत केली. त्यानं स्टेजवरून मला आश्रयदात्या म्हटलं. मला वाटलं, मी धर्मशाळाच काढलीय! तेव्हा आधी शब्द ठरवा. तुमचं अर्थाचंच दुकान ना?"

टाइपिस्ट खुदकन हसला. सरांनी कार्डबाईंकडे पाहिलं. कार्डबाईंनी रोजच्या सवयीने एक खण ओढला. हाताला कार्डं लागली आणि जीभ सुटली.

"देणगीदार चालेल? देणगीदार देतो आणि विसरतो. निदान त्यानं विसरावं, अशी घेणाऱ्याची इच्छा असते."

"मी नाही विसरत."

"मग धनको. तो झोपेतसुद्धा विसरत नाही."

"शी! दुसरा काढा."

"गुंतवणूकदार. हा बी पेरतो आणि रोज सकाळी उकरून बघतो, उगवलं का. जामीनदार खिशातून काही काढत नाही, पण दुसरा बुडाला की झोप याची उडते. प्रायोजक..."

"तो मला माहीत आहे. त्याला पाटीवर नाव लागतं. वीतभर काम, हातभर पाटी!"

"भांडवलदार म्हणावं, तर लोक आता तो शिवीसारखा वापरतात." कार्डबाई आता खणाखणांतून अक्षरशः पळत होत्या. "पोशिंदा! हा फार मोठा शब्द आहे. पण तो दुसऱ्यानं लावावा लागतो, आपला आपण लावून घेता येत नाही."

"आणि सावकार?"

"तो अजून आलेला नाही, बाई. तो 'स'मध्ये. आम्ही 'व'पर्यंतच पोचलोय."

मालकीणबाई इतक्या हसल्या, की स्टूल करकरलं. "मग येऊच देऊ नका मेल्याला!"

सर आवाजाविना हसत टेबलावर थापा मारत होते. कार्डबाईंचे कान तापले होते. इतकं सलग आपण आयुष्यात कधी बोललो होतो, त्यांना आठवेना.

"पाठीराखा बघा," त्या म्हणाल्या. "पाठीमागे उभा राहणारा. पुढून बघणाऱ्याला तो दिसतच नाही."

मालकीणबाई हसायच्या थांबल्या. "त्यानं पैसा दिलाच पाहिजे का?"

"अर्थात तसं कुठंच म्हटलेलं नाही."

मालकीणबाईंनी स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "मी पहिलं यंत्र बसवलं, तेव्हा माझी दोन पोरं अंगावर पीत होती. घरचे सगळे म्हणाले, बाईमाणसानं कुलपं करायची असतात का? नणंद म्हणाली, वहिनी, तू जा, पोरं माझी. तिचं लग्न ठरत आलं होतं. आज करू, उद्या करू म्हणत ते राहिलं ते राहिलंच. तिच्याजवळ दमडी नव्हती हो. पण ती नसती तर कारखाना नसता. तिला काय म्हणाल? पाठीराखी?"

"पाठराखीण," कार्डबाई चटकन म्हणाल्या. "आहे शब्द. छापलाय आम्ही."

"तिला ऐकवायला हवा. खाली गाडीत बसलीय. गुडघ्यांमुळं जिना चढवत नाही तिला."

"मग कोशच खाली नेते की!"

त्यांनी 'प'चा जाडजूड खंड काखेत मारला आणि निघाल्यासुद्धा. "अहो, सावकाश!" टाइपिस्ट मागून ओरडला. "पडाल तर शब्दासकट पडाल!" पण कार्डबाई तोवर जिना उतरून रस्त्यावर पोचल्या होत्या. मागून मालकीणबाई, त्यांच्यामागे मफलर सावरत सर, शेवटी टाइपिस्ट.

गाडीच्या मागच्या सीटवर एक वाळकी म्हातारी दाराला चिकटून बसली होती. कार्डबाईंनी वाचायला सुरुवात केली, तर तिने कानामागे हात धरला.

"जरा मोठ्यानं," मालकीणबाई म्हणाल्या. "तिला कमी ऐकू येतं."

मग पाहुण्यांपुढे जीभ चिकटणाऱ्या कार्डबाई भर रस्त्यात, हॉर्नच्या वर आवाज काढून ओरडल्या, "पाठराखीण! नाम, स्त्रीलिंगी! नव्या नवरीला परकं वाटू नये म्हणून तिच्याबरोबर सासरी जाणारी बाई!"

सायकलवरून चाललेल्या एकाने पाय टेकला. समोरचा न्हावी कात्री घेऊन दारात आला.

"पण मी कुठं कुणाबरोबर गेले?" म्हातारी गोंधळली. "मी तर सासरचीच."

"तेच म्हणते मी," मालकीणबाई खिडकीत वाकल्या. "माहेरची पाठराखीण चार दिवसांत परत जाते. तू गेलीच नाहीस."

म्हातारीने वहिनीकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे. "हे असं छापलंय? आधीपासून?"

"आधीपासून," कार्डबाई म्हणाल्या.

मालकीणबाई सरळ झाल्या. "पुढची अक्षरं कुठली राहिलीत?"

"श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ!" कार्डबाईंनी एका दमात सांगितलं.

"सगळी करा. खर्च माझा. आणि मला काही म्हणू नका. उगाच शब्द वाया घालवू नका माझ्यावर."

टाइपिस्टने अशी आरोळी ठोकली, की न्हाव्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक साबण लावलेल्या तोंडाने बाहेर आलं. सरांना कार्डबाईंना काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलले, पण आवाज फुटेना. शेवटी त्यांनी कार्डबाईंना दोन्ही हात जोडले. कार्डबाई लाजून म्हणाल्या, "अहो सर, काय हे रस्त्यात!"

गाडी निघायची वेळ झाली, तरी म्हातारीने पुस्तक सोडलं नव्हतं. "राहू द्या तुमच्याकडे," कार्डबाई म्हणाल्या. "आमच्याकडे प्रती आहेत."

म्हातारीने मान हलवली. खंड मांडीवर उघडाच ठेवला आणि त्या ओळीखाली बोट धरलं. दुसऱ्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले. मग दारापासून सरकली आणि सीटच्या मधोमध, पाठ टेकून, ताठ बसली.