अकरावा आठवडा

आर्डिस टॉर्गर्सनने सव्वीस वर्षांत किरणोत्सारी द्रव्याचा एक थेंबही बाहेर सांडू दिला नव्हता, आणि हे ती भेटेल त्याला ऐकवायची. तिला तो हक्क होता म्हणा. नॉर्थ डकोटातल्या त्या विद्यापीठात प्रोफेसर आले नि गेले, पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या प्रयोगशाळेची किल्ली, मीटर आणि तपासणीचे कागद कायम आर्डिसच्याच ताब्यात राहिले. नव्याने आलेल्याला ती पहिल्याच दिवशी दम भरायची, "इथे खायचं नाही, प्यायचं नाही, ओठांना मलम चोळायचं नाही. आणि मी 'बाहेर हो' म्हटलं की का म्हणून विचारायचं नाही." येत्या मे महिन्यात ती निवृत्त होणार होती. केक कुठला आणायचा यावर तिच्या पाठीमागे कुजबुज चालू होती, आणि ती तिला माहीत नाही असं सगळ्यांना वाटत होतं.

जानेवारीतल्या त्या सोमवारी बाहेर उणे सत्तावीस होतं. साडेसातला आत येऊन तिने बूट बदलले, तर टेबलावर खोका. तपासणीसाठी मिनेसोटाला पाठवलेला आयोडीनचा प्रोब तीन आठवड्यांनी परत आला होता.

प्रोब म्हणजे मीटरचा कान. मीटरची पेटी एकच, पण तिला दोन कान लावता येतात. एक गायगरचा, चपटा. तो इतर बरंच ऐकतो, पण ज्या किरणोत्सारी आयोडीनवर या खोलीत काम चालायचं त्याच्या बाबतीत जवळजवळ ठार बहिरा. आयोडीनसाठी हा दुसरा, आत स्फटिक असलेला. हे आर्डिसने सव्वीस वर्षं पोरांना घोकायला लावलं होतं.

तिने परत आलेला प्रोब तारेला जोडला आणि बटण दाबलं. मीटर एकदम कडकडायला लागलं.

"मेल्यांनी नीट करून पाठवलाय की बिघडवून?" ती पुटपुटली. प्रोब घेऊन ती बाहेर बोळात गेली. तिथे सगळं शांत, अधूनमधून एखादी टिकटिक, असायला हवी तेवढीच. परत आत आली. कडकडाट. दाराच्या मुठीजवळ नेला तर आवाजात खंडच पडेना.

मूठ, टेलिफोन, नोंदवहीचं पेन, सगळीकडे तेच. वाफा बाहेर खेचून घेणाऱ्या काचेच्या कपाटात आयोडीनची बाटली ठेवलेली असायची. तिच्या रबरी बुचाला केसाएवढी चीर पडली होती. बाटलीला हात लावलेले मोजे जिथे जिथे गेले, तिथे तिथे ते आयोडीनही गेलं होतं.

पण हे आधी कसं कळलं नाही? तिने फाइल उघडली. तीन आठवड्यांचे कागद, प्रत्येकावर तिच्याच अक्षरात 'शून्य' आणि तिचीच सही. वरच्या रकान्यात प्रोबचा क्रमांक, आयोडीनच्या प्रोबचाच. तो रकाना दर वेळी भरायचा कंटाळा म्हणून चार वर्षांपूर्वी तिने क्रमांक लिहिलेल्या कागदाच्याच झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या. त्या हुशारीचं तेव्हा तिला केवढं कौतुक वाटलं होतं! प्रोब मिनेसोटात, आणि कागद म्हणतोय की प्रोब इथे. मग या तीन आठवड्यांत मीटरला होतं काय? प्रोब खोक्यात भरताना तिने स्वतःच पेटीला गायगर लावला होता. लावला आणि विसरली. नियम साधा होता: योग्य प्रोब नसेल तर काम बंद. पण हात सवयीने चालले, डोळ्यांनी पाहिलंच नाही. बहिऱ्याला विचारलं की काही ऐकू येतंय का, तो म्हणाला नाही, आणि तिने शून्य लिहून टाकलं.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. स्वतःसाठी नव्हे, म्हणजे आधी तरी नव्हे. या तीन आठवड्यांत आयोडीनवर काम करत होती ती एकटी मारिसोल. आणि मारिसोलला दिवस गेले होते.

हे फक्त आर्डिसला ठाऊक होतं. डिसेंबरात मारिसोल बालदेरास बाथरूममध्ये ओकत होती, तेव्हा तिचे केस आर्डिसनेच मागे धरले होते. तिशीतली पोर, एल पासोची, आधी दोनदा गर्भपात झालेली. नवरा फाउस्टो विलिस्टनला तेलविहिरीवर, दोन आठवडे तिकडे नि एक आठवडा घरी.

"फाउस्टोला बारा आठवडे झाल्याशिवाय सांगणार नाही," मारिसोल म्हणाली होती. "मागच्या वेळी त्याने पाळणा आणला होता, आर्डिस. नंतर तो परत करायलाही तोच गेला. बिचाऱ्याने दुकानात काय सांगितलं असेल?"

"नवऱ्याला नको सांगूस, पण सुरक्षा कार्यालयाला तरी कागद लिहून दे," आर्डिस म्हणाली होती. कारण नियमच तसा. बाई गरोदर आहे हे तिने स्वतः लेखी दिलं तरच कार्यालय तिला गरोदर धरतं. कोणी विचारायचं नाही, दबाव आणायचा नाही, दुसऱ्याने सांगायचं तर नाहीच. कागद आला की मात्र बाळाची किरणोत्सर्गाची मर्यादा वेगळी, मोठ्या माणसाच्या मर्यादेचा जेमतेम दहावा हिस्सा.

"कागद दिला की मला आयोडीनवरून हटवतील. फेब्रुवारीत हे काम संपलं नाही तर माझी नोकरी गेली म्हणून समज. बारावा लागला की देते ना. आणि घाबरायचं कशाला? तू तपासतेसच की."

तू तपासतेसच की. आर्डिसला ते वाक्य आता जसंच्या तसं ऐकू आलं. बारावा आठवडा. तिने वर्षानुवर्षं हाच धडा शिकवला होता: बाळाच्या गळ्यातली ग्रंथी दहाव्या ते बाराव्या आठवड्यात जागी होते आणि आईच्या रक्तातलं आयोडीन ओढायला लागते. साधं कुठलं आणि किरणोत्सारी कुठलं, हे तिला कळत नाही. मारिसोलचा आज अकरावा चालू होता.

आता खरं सांगायचं तर आर्डिसने तेव्हाच फोन उचलायला हवा होता. तिने उचलला नाही. तिने फवाऱ्याची बाटली उचलली. मूठ पुसली, टेलिफोन पुसला, पेन पिशवीत टाकून तोंड बांधलं, बाटलीवर दुसरं झाकण चढवलं. एक-दोन तासांचं काम होतं, आणि ते तिच्यापेक्षा चांगलं कोणाला येत होतं? पुसून झाल्यावर कागदावरचं शून्य खरंच झालं असतं, फक्त तीन आठवडे उशिरा. मेमध्ये केक कापला असता. नऊ वाजता मारिसोल दारात आली तेव्हा आर्डिस गुडघ्यांवर बसून फरशी घासत होती.

"काय गं, आज झाडूवाली रजेवर आहे का?" मारिसोल हसली.

"आत पाय टाकू नकोस! मेण लावलंय फरशीला. कोट खुंटीला अडकव आणि लायब्ररीत जाऊन बस."

"जाते, जाते. सकाळी सकाळी ओरडतेस काय?" तिने कोट आणि मफलर दाराजवळच्या खुंटीला लावले आणि गुणगुणत निघून गेली.

आर्डिस उठली. दाराकडचं तपासायचं राहिलं होतं. ती प्रोब घेऊन खुंटीजवळ गेली आणि मीटर किंचाळलं. तो लाल लोकरीचा मफलर होता. मारिसोलच्या आईने विणलेला. तो रोज तिच्या गळ्याभोवती असायचा, रोज घरी जायचा, थंडी वाजली की ती त्यात नाकतोंड खुपसून श्वास घ्यायची. आर्डिसच्या हातातलं फडकं खाली पडलं. हे पुसता येण्यासारखं नव्हतं.

पावणेदहाला तिने फोन केला.

सुरक्षा कार्यालयाचा लायल ब्रेके वीस वर्षांचा ओळखीचा. उपकरणांच्या पेट्या घेऊन आला आणि दारातच म्हणाला, "आर्डिस, तू? मला वाटलं कोणीतरी थट्टा करतंय."

"थट्टा नाही. सगळी शून्यं खोटी आहेत, लायल. गायगर लावून तपासलं मी. आणि सकाळी साडेसातला कळलं, तरी तुला आत्ता बोलावलं. मधल्या वेळात लपवायला बघत होते. तेही लिही."

लायलने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मला हे लिहावंच लागेल गं. मेपर्यंत तुला ठेवतील असं वाटत नाही."

"लिही म्हटलं ना! आधी त्या पोरीला बोलव."

मारिसोल आली. काय झालं ते आर्डिसने स्वतःच तिला सांगितलं, साडेसातपासूनच्या लपवाछपवीसकट. तिला स्टुलावर बसवून लायलने प्रोब तिच्या गळ्यासमोर मिनिटभर धरला. मीटर सारखं कडकडत होतं. लायलने आकडा टिपला, पेन्सिलीने गणित केलं, पुन्हा केलं आणि त्याचा चेहरा जरा सैल पडला.

"ग्रंथीत गेलंय, नाही असं नाही. पण वर्षाच्या मर्यादेच्या बरंच खाली आहे. तुला काही होणार नाही. मफलर मी नेतो, घरही तपासू. दर आठवड्याला येऊन मोजून जायचं. आता काही सांगायचं असेल तर सांग, नाहीतर घरी जाऊन आराम कर."

सांगायचं असेल तर. याहून जास्त विचारायची त्याला परवानगी नव्हती. मारिसोलचा रंग उतरला होता, पण तिने मान हलवली. "नाही. सांगायचं काही नाही."

आर्डिसने तिच्याकडे पाहिलं. मारिसोलने डोळ्यांनीच तिला दटावलं. खोलीतल्या तिघांपैकी दोघींना ठाऊक होतं की लायलने वापरलेली मर्यादा चुकीच्या माणसाची होती. सांगायचा अधिकार फक्त एकीला होता, आणि ती भीतीने गप्प बसली होती. काल हे आर्डिसला कोणी विचारलं असतं तर तिने नियम तोंडपाठ म्हणून दाखवला असता. लायल पेट्या उचलायला लागला.

"तिला अकरावा आठवडा चालू आहे," आर्डिस म्हणाली.

लायल जागच्या जागी थांबला. मारिसोल स्टुलावरून उठली. तिचा आवाज चढला नाही, हे आर्डिसला जास्त लागलं.

"स्वतःची चूक सांगायला तुला सव्वादोन तास लागले. आणि माझं सांगायला दोन मिनिटंही नाहीत?"

"शिव्या दे, पोरी. हव्या तेवढ्या दे. पण कागदावर सही कर."

"तुझ्या भरवशावर होते मी! तुझ्या!"

आर्डिसने कागद पुढे केला. मारिसोलने तिच्याकडे न बघता सही केली. मग लायलची धांदल उडाली. त्याने डॉक्टरांना फोन लावला, साध्या आयोडीनच्या गोळ्या आजच सुरू करायच्या म्हणजे आता आणखी आत जाणार नाही, असं बोलणं झालं. अकरावा नेमका कधी लागला, कुठल्या तारखांना काम केलं, सगळं तो विचारत होता आणि मारिसोल बोटांवर मोजून सांगत होती.

"आणि बाळाच्या गळ्याचा आकडा?" तिने मधेच विचारलं. "तो कधी घेणार?"

"तो घेता येत नाही," लायल म्हणाला. "तो हिशेबाने काढावा लागतो. शुक्रवारपर्यंत सांगतो." मग खाली बघत म्हणाला, "घरच्यांना आज कळवलेलं बरं. घर तपासायला माणसं येतील."

मारिसोल फोन घेऊन बोळात गेली. दार अर्धवट उघडंच राहिलं. विलिस्टनला तेव्हा कामाची पाळी बदलण्याची वेळ असावी, कारण फाउस्टोने लगेच उचलला.

"ऐक, दोन गोष्टी सांगायच्यात," ती म्हणाली. "नीट बस आधी. पहिली... मला दिवस गेलेत. अकरावा आठवडा."

पलीकडून जो ओरडा उठला तो आत आर्डिसला आणि लायललाही ऐकू आला. फाउस्टो हसत होता, रडत होता, आजूबाजूच्यांना हाका मारून सांगत होता, आणि विहिरीवरची ती सगळी माणसं मिळून शिट्ट्या वाजवत होती. मारिसोलने दोनदा "फाउस्टो, ऐक ना" म्हटलं. त्याला ते ऐकू गेलं नाही. मग ती भिंतीला टेकली आणि त्याचं ओरडून होईपर्यंत वाट बघत उभी राहिली.