गुरुवारचं सर्व्हिसिंग

शर्टाचा खिसा उसवला होता, म्हणून टेलरबाईंनी तो उलटा केला, तर आतून चार घड्यांचा एक कागद मशीनवर पडला. शर्ट नवऱ्याचा. नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवणारा, गल्लीभर 'सर' म्हणून ओळखला जाणारा. अशा माणसाच्या खिशात काय असणार, पेट्रोलची पावती नाहीतर कुणाच्या तरी लायसन्सची झेरॉक्स. या कागदावर मात्र दीपगृह छापलेलं होतं. कोपऱ्यात मंडईमागच्या, पटावरचे खेळ विकणाऱ्या दुकानाचा शिक्का, आणि खाली सरांच्या अक्षरात दोन रकाने. एकावर लिहिलं होतं 'मी'. दुसऱ्यावर 'ती'.

आता ही 'ती' कोण?

बाईंनी चष्मा चढवला. 'हरलो. चूक माझी.' 'हरलो. तिच्या मनाने घ्यायला हवं होतं.' 'पुन्हा हरलो. चूक माझीच.' असं एकूण सहा वेळा. सातव्या ओळीत 'दोघं जिंकलो', आणि त्याखाली दोन जाड रेघा.

खरं सांगायचं तर दुसरी बाई असण्यापेक्षा बाईंना जास्त झोंबलं ते 'चूक माझी'. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. रस्ता चुकला तर पाटी चुकीची, दूध उतू गेलं तर गॅस चुकीचा, पण हा माणूस स्वतः कधी म्हणून चुकला नव्हता. आणि त्या कोण कुठल्या भवानीसमोर सहा-सहा वेळा कबुली! बाईंच्या डोक्यात तिडीक गेली.

मग एकेक आठवायला लागलं. गेले तीन महिने सर दर गुरुवारी दुपारी 'गाडी सर्व्हिसिंगला टाकतो' म्हणून जात होते. दर गुरुवारी सर्व्हिसिंग? ती गाडी आहे की आजारी म्हातारी? येताना चेहरा उजळलेला, आणि वर शीळ. त्यात बाईंचं पितळी अंगुस्तान महिनाभर हरवलेलं. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं ते टोपण, आईकडून आलेलं. आता बोटाला सुई टोचली की दर वेळी राग सरांवरच निघत होता.

आणि खेळ? खेळ तर घरातून कधीच हद्दपार झाला होता. दोन वर्षांपूर्वी सरांनी हौसेने एक आणला होता. बेटाला आग लागते, ती सगळ्यांनी मिळून विझवायची, जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे. कल्पना छान. पण शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्याची गाडी चालवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो गप्प कसा बसेल? 'इकडे वळ, तिकडे जा, हे कार्ड टाक.' बाई विचार करत होत्या, तेवढ्यात सरांनी त्यांची सोंगटी उचलून स्वतःच पुढे ठेवली. बाई उठल्या. "तुम्हाला जोडीदार नकोय, सोंगटी धरायला हात हवाय," म्हणाल्या. खेळ माळ्यावर गेला तो गेलाच.

गुरुवारी त्या दुकानात जाऊन डोळ्यांनी बघायचं, बाईंनी ठरवलं. खरं निघालं तर मशीन टेम्पोत घालून थेट बहिणीकडे. मागची खोली रिकामी आहे का, हे फोन करून विचारूनही झालं. आहे, म्हणाली बहीण.

दुकान लहानसं होतं. छतापर्यंत खोके रचलेले, आणि आतल्या खोलीच्या दाराला पडदा. दुकानदारीण पस्तिशीची, आखूड केसांची, हसरी. हसरी म्हटल्यावर बाईंचा संशय दुप्पट झाला.

"काय दाखवू, काकू? किती जण खेळणार?"

"दोघं," बाई म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "किंवा एकटी. अजून ठरायचंय."

तिने एक खोका पुढे केला. "एकट्याने खेळायचं तर हा. बाग लावायची, वीस मिनिटांत डाव संपतो, डोकं शांत होतं. दोघांनी मिळून खेळायचं तर वादळ आणि होड्यांचा हा. पण आधी एक सांगा, घरात कुणी साहेब आहे का?"

"म्हणजे?"

"मिळून खेळायच्या खेळांना एक रोग असतो. एकच माणूस सगळ्यांच्या वाटचं खेळतो, बाकीचे नुसते हात. त्याला आम्ही साहेब म्हणतो. साहेब असेल तर हाच घ्या. यात कुणाकडे कुठलं कार्ड आहे, काय खेळायचं, हे बोलायला सक्त मनाई."

बाईंना हसू येणार होतं. तेवढ्यात पडद्यामागून ओळखीचा आवाज आला. "तुझी पाळी. सावकाश. तू ठरव."

चोवीस वर्षांत 'तू ठरव' हे शब्द त्या तोंडून बाईंनी ऐकले नव्हते. दुकानदारीण "काकू, अहो" म्हणेपर्यंत त्यांनी पडदा बाजूला केला.

आत एक टेबल होतं. सर एकटेच बसले होते. समोरची खुर्ची रिकामी, तिच्यापुढे कार्डांचा दुसरा वाटा पालथा मांडलेला. पटावर दोन होड्या. एक लाकडी, आणि दुसरीच्या जागी बाईंचं पितळी अंगुस्तान.

सर चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. "अगं, तू? ते... मी देणार होतो परत."

"हे काय चाललंय?"

दुकानदारीणच मागून म्हणाली, "बायकोशी खेळायचा खेळ द्या म्हणाले. बायको का उठली, तेही सांगितलं. मग मीच म्हटलं, आधी दोन्ही वाटे एकट्याने खेळा. स्वतःच्या पाळीला तिची कार्डं बघायची नाहीत, तिच्या पाळीला स्वतःची. दहा डाव असे नीट जमले की मगच घरी न्या."

"किती जमले?" बाईंनी विचारलं.

"एक," सर म्हणाले. "तोंड आवरतं गं. हात आवरत नाही."

बाई रिकाम्या खुर्चीत बसल्या. मनातला किडा अजून मेला नव्हता. हे सगळं रचलेलं नाटक असलं तर? त्यांनी कार्डं उचलली, नीट पाहिली, आणि आपली पाळी आल्यावर अंगुस्तान मुद्दाम, ठरवून, खडकाच्या दिशेने सरकवलं.

सरांनी ते पाहिलं. कान लाल झाले. तोंडातून ब्र निघाला नाही, दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. पण टेबलाखाली बुटाचा तळ करकरला. बाईंनी वाकून पाहिलं. शिकाऊ माणूस खांबावर चालला की दाबतात, तसा सरांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर गच्च दाबलेला होता, पोटरी थरथरत होती. असा पाय ढोंगाने कुणाचा थरथरत नाही. बाईंना भरून आलं, आणि स्वतःची लाजही वाटली.

होडी फुटली. डाव गेला. सरांनी दीपगृहाचा नवा कागद ओढला, दोन रकाने आखले, 'हरलो' लिहिलं आणि पेन अडलं.

बाईंनी ते हातातून काढून घेतलं. 'ती'च्या रकान्यात लिहिलं, 'चूक माझी.' मग अंगुस्तान बोटात घातलं.

"हे मला रोज लागतं," त्या म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी मीच घेऊन येईन."