लांबत चाललेल्या हॉलमधला फोटो

जयसिंगपूरच्या त्या मंगल कार्यालयात प्रत्येक फ्लॅशनंतर हॉल चार पावलं लांब होत होता, आणि जेवढा लांबत होता तेवढाच अरुंद होत होता. शकिला मुजावरनं हे तिसऱ्याच फोटोला ओळखलं. एकवीस वर्षं ती लग्नाचे फोटो काढत होती. जागेचा स्वभाव कळायला तिला वेळ लागत नसे. तिनं लेन्स बदलली आणि काम चालू ठेवलं.

अक्षता पडल्या तेव्हा हॉलची गल्ली झाली होती. पाहुणे खुर्च्या उचलून एकामागे एक बसले. वाढपी एकाच ओळीत वाढत होते. कुणी तक्रार केली नाही.

फक्त नवरीचे वडील, बापूसो मगदूम, सारखे दाराकडे बघत होते. त्यांचे थोरले भाऊ रावसाहेब दारातून आत आले होते आणि अजून स्टेजपर्यंत पोचले नव्हते. दूध संस्थेच्या निवडणुकीत दोघे एकमेकांविरुद्ध उभे राहिले, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं नव्हतं. आज रावसाहेब आपण होऊन आले होते, आणि घरच्यांचा फोटो त्यांच्यासाठी खोळंबला होता.

"येईल त्याचा तो," बापूसो म्हणाले.

"काय दिसंना बघा!" लांबून आवाज आला. "उजेड करा जरा!"

खिडक्यांच्या नुसत्या फटी उरल्या होत्या. शकिलानं फ्लॅश मारला. हात वर केलेले रावसाहेब क्षणभर दिसले, आणि चार पावलं मागे गेले.

"असं नाही जमायचं," ती म्हणाली. "आपणच जाऊ."

फ्लॅशची वायर भिंतीतल्या प्लगपर्यंत ताणून तारेसारखी झाली होती. तिनं ती काढून टाकली. पिशवीतून विटेएवढा बॅटरी पॅक काढला, स्टँडच्या पायांच्या जरा वर क्लॅम्पनं बसवला, स्क्रू आवळला आणि स्टँड हलवून बघितला. डगमगला नाही. हिरवा दिवा लागला.

"बापूकाका, स्टँड धरा."

"मी?"

"बॅटरीच्या वर हात ठेवा. वजन खाली राहू दे, म्हणजे कलंडणार नाही."

तिचा आवाजच असा होता की नवरीच्या बापानं निमूटपणे स्टँड उचलला.

वाट दिसण्यापुरता एक फ्लॅश आणि त्यावर दहा पावलं चालायची, असं तिनं ठरवलं. चार जायची, सहा राहायची. ती फ्लॅश मारत होती, बापूसो चालत होते. वाटेत स्टँडचे पाय मिटून घ्यावे लागले. फेटा भिंतीला घासायला लागला तेव्हा बापूसोंनी तो काढून काखेत मारला. सतराव्या फ्लॅशला समोर रावसाहेब होते, हातभर अंतरावर.

"दादा," बापूसो म्हणाले.

"बारीक झालास रे."

"हॉल बारीक झालाय."

"जेवलास?"

"तुझ्यासाठी थांबलोय."

शेजारी उभं राहण्याएवढी जागा नव्हती. बापूसो शकिलाकडे वळले, रावसाहेब त्यांच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. बापूसोंनी तो हात मनगटाशी घट्ट धरला.

"काढा आता," रावसाहेब म्हणाले.

"फ्लॅश उडाला की तुम्ही लांब जाल," शकिला म्हणाली.

"माहीत आहे. फोटोसाठीच आलोय मी."

तिनं बापूसोंकडे बघितलं. त्यांनी मान डोलावली.

मग शकिलानं क्लॅम्प सैल केला. बॅटरी पॅक पट्ट्यानं रावसाहेबांच्या खांद्याला अडकवला आणि फ्लॅश त्यांच्या मोकळ्या हातात दिला. "जड आहे."

"आयुष्यभर दुधाचे कॅन उचललेत."

"आता जाल तिथं उजेड तुमच्यापाशी राहील."

ती आठ पावलं मागे सरली. भिंती दोन्ही खांद्यांना लागत होत्या. तिनं नेम धरला आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

फोटो चांगला आला. दोघांचे डोळे उघडे होते. बापूसोंची मूठ अजून खांद्यावर तशीच मिटलेली होती, पण तिच्यात मनगट नव्हतं.

"दादा?"

या वेळी चार पावलांवर नाही, फार लांब, जिथं दोन्ही भिंती एकमेकींना टेकल्यासारख्या दिसत होत्या, तिथं फ्लॅश उडाला. शकिलाचं बोट बटणावर नव्हतं.

मग तो पुन्हा उडाला.