चालत्या आफ्रिकेवरची भिंत

"मा बोइपेलो, ही भिंत शनिवारपर्यंत पाडा. माझ्या हद्दीत आलीय. चांगली हातभर!"

शेजारचे रा सेलेका कमरेवर हात ठेवून उभे होते. बोइपेलोची आई, म्हणून गावाची 'मा बोइपेलो', मग्विन्यांसाठी आंबवलेल्या पिठाचे गोळे तेलात सोडत होती, ती तशीच थांबली.

"कुणी मोजली?"

"माझ्या भाच्यानं. यंत्रानं! उपग्रहांशी बोलतं ते."

मागे भाचा टिरो यंत्राची काठी भाल्यासारखी धरून उभा. यंत्र नवं, बूट नवे, ऐटही नवीच.

वर्षभर मग्विन्या विकून आईनं ती भिंत उभी केली होती. तिच्यावरच छप्पर होतं, तिला टेकून चूल होती. भिंत गेली की स्वयंपाकघर गेलं, धंदाही गेला. अशा वेळी आई गप्प झाली की आपण बोलायचं, हे बोइपेलोनं शाळेच्या वादविवादात पहिली आल्यापासून ठरवूनच टाकलं होतं.

"रा सेलेका, भिंत आम्ही नाही सरकवली. आफ्रिकेनं सरकवली!"

"कुणी?"

"टेकडीपलीकडे ती रेडिओ दुर्बिणीची मोठी तबकडी आहे ना? शाळेनं नेलं होतं आम्हाला. ती, जर्मनीतली, ऑस्ट्रेलियातली, अशा कितीतरी तबकड्या एकाच वेळी आकाशातल्या एकाच लांबच्या ठिपक्याकडे बघतात. त्याच्या लहरी कुठे आधी पोचतात, कुठे नंतर, एवढ्याशा फरकावरून तबकड्यांमधलं अंतर कळतं. मिलिमीटरपर्यंत! म्हणून तर कळलं की आपली जमीन वर्षाला पेरभर ईशान्येला सरकते. तुमचं अंगण आमच्या पूर्वेला. आली भिंत तुमच्याकडे!"

"आणि माझं अंगण तेव्हा सुट्टीवर गेलं होतं वाटतं?"

रांगेतल्या गिऱ्हाईक बायका फिदीफिदी हसल्या. बोइपेलोचे कान तापले. खरंच की! भिंत सरकली तर अंगणही सरकलं, कोंबड्याही सरकल्या, रा सेलेकाही सरकले. सगळी वरात एकाच बसमधून चाललीय. मग बसमधल्या दोघांत हातभर फरक आला कुठून?

"टिरोदादा, हद्दीचे आकडे कधीचे रे?"

"चौऱ्याण्णवचे. देशभरचे नकाशे त्या तबकडीच्या तेव्हाच्या जागेवर बसवलेत. तेच चालतात अजून."

"आणि तुझं यंत्र कधीची जागा सांगतं?"

"आजची. आज उभं केलं तर आजचीच सांग..." टिरो मध्येच अडखळला.

"वेळ काढू नकोस, पोरी," रा सेलेका गुरगुरले.

"नाही काढत. तुमची पलीकडची, पूर्वेची भिंत मोजा फक्त."

"मोज रे टिरो! मी काय घाबरतो?"

पलीकडे गावप्रमुखांच्या गुरांचा कोंडवाडा होता. बायका रांग मोडून तिकडे धावल्या. टिरोनं काठी रोवली, पडद्याकडे पाहिलं, मान खाजवली, काठी उपटून पुन्हा रोवली.

"मामा... तुमची भिंत प्रमुखसाहेबांच्या कोंडवाड्यात गेलीय. हातभर."

"हळू बोल, गाढवा!" रा सेलेकांनी चहूकडे पाहिलं. हा अपराध सिद्ध झाला तर दंडात निदान एक गाय जायची, तीही दुभती. "यंत्र बिघडलंय. दुकानात परत देऊन टाक ते!"

"यंत्र झकास आहे," बोइपेलो म्हणाली. आता तिला कोण आवरणार! "आकडे तीस वर्षांपूर्वीचे आणि यंत्र आजचं. मधल्या वर्षांतलं जमिनीचं चालणं वजा करायचं राहिलं. पाऊण मीटर ईशान्येला, म्हणजे हातभर पूर्वेला आणि हातभर उत्तरेला. सगळ्यांच्याच भिंती त्यामुळे पुढे दिसतात. इथल्या दर भिंतीवर भांडण लावता येईल, मोजत चला नुसतं!"

टिरोनं पडद्यावर बोटं चालवून तेवढं वजा केलं. एकदा या भिंतीकडे गेला, एकदा त्या.

"जुळलं, मामा. दोन्ही भिंती आपापल्या जागी."

रा सेलेकांनी सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की कोंडवाड्यातल्या बैलानं वळून बघितलं.

"प्रमुखसाहेबांच्या कानावर घालायचं काही कारण नाही हं," ते आईला म्हणाले. आवाज आता तुपात भिजलेला. "आणि मा बोइपेलो, ती भिंत राहू दे."

"राहू दे काय?" आईनं अॅप्रनला हात पुसले. "आहेच ती. शनिवारी दुकान उघडं आहे. रांगेत उभं राहायचं, बाकीच्यांसारखं."