मोरीच्या तोंडावरचा फलक

मित्रांनो, मी एक जुना फलक आहे. जुना वयानं नव्हे, अनुभवानं. ताम्हिणीच्या रस्त्यावर, हुसेनबीच्या धाब्याला लागून, डोंगराकडच्या कडेला मी दोन लोखंडी पायांवर उभा असतो. माझ्या पाठीशी रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोरीचं तोंड आहे आणि छातीवर लाल अक्षरं आहेत : 'मोरीसफाईची जागा. पावसाळ्यात येथे वाहने उभी करू नयेत.' वाक्य सोपं आहे. तरी ते आपल्याला लागू आहे असं मानणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. जो येतो तो म्हणतो, हे दुसऱ्यांसाठी.

माझा जन्म पौडला, फकरुद्दीन मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये झाला. रंग वाळताना मिस्त्री मला न्याहाळत म्हणाले, "अक्षरं मोठी काढलीत बाबा. पुढं तुझं नशीब." मला तो आशीर्वाद वाटला होता.

ग्रामसभेत भांडून मला मागून घेतलं ते गेणबांनी. त्यांचं घर रस्त्याच्या खालच्या अंगाला. मोरी तुंबली की डोंगराचं सगळं पाणी रस्ता ओलांडून त्यांच्या अंगणात उतरतं. म्हणून पावसाळाभर जेसीबी येऊन मोरीचं तोंड मोकळं करतो. त्याला उभं राहायला जागा हवी, म्हणून मी. तो आला की मला बाजूला ठेवता यावं, म्हणून माझे पाय जमिनीत गाडले नाहीत. तिथंच घात झाला.

माझा हिशेब थोडक्यात सांगतो. जमेला : पहिल्या दिवशी गेणबांनी मला ओल्या फडक्यानं पुसलं. नावे : बाकी सगळं. कुणी माझ्यावर ओले रेनकोट वाळत घातले. कुणा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स महिनाभर माझ्या तोंडावर बांधला होता. एका सद्गृहस्थांनी तर मला उचललं, माझ्या जागी गाडी लावली आणि मला गाडीच्या मागं नेऊन ठेवलं. दुसऱ्या कुणी गाडी लावून त्यांची वाट अडवू नये म्हणून. चोराच्या घरी मलाच पहारेकरी नेमलं.

हुसेनबीचं शास्त्र वेगळं. "लावा, लावा. तो बोर्ड बाहेरच्यांसाठी हाय," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. भज्यांची ऑर्डर दिली की माणूस घरचा होतो.

"भाभी, मोरी तुंबली तर पानी माज्या घरात येतंय, तुमच्या भज्यात न्हाई," गेणबा कुरकुरायचे.

"मग गिऱ्हाइकाची गाडी काय डोक्यावर ठेवू, गेणबादादा?"

मी गेणबांच्या बाजूचा होतो. निदान गेल्या जुलैपर्यंत.

त्या रविवारी पाऊस नुसता ओतत होता. गेणबांचा मुलगा विकी हिंजवडीला नोकरीला. तो नवी कोरी गाडी घेऊन घरी आला, पुढं झेंडूचा हार. घराकडची वाट चिखलाची. गेणबा छत्री घेऊन धावत वर आले आणि, मित्रांनो, त्यांनी स्वतःच्या हातानं मला उचललं.

"चिखलात कशाला घालतोस? हितं लाव. आपली घरचीच गाडी हाय."

मला धाब्याच्या वळचणीला टेकवून ठेवलं. विकी मित्रांच्या जीपमधून धबधबा बघायला गेला, चावी खिशात घालून.

दुपारी डोंगरावरून माती सुटली. मोरीचं तोंड बुजलं आणि पाणी रस्त्यावरून खाली धावलं. तेवढ्यात जेसीबी घेऊन एकनाथ आला.

"जयभीम तात्या. ही कुनाची गाडी?"

गेणबांनी छत्री तोंडावर ओढली. हुसेनबीनं झारा हातात धरूनच उत्तर दिलं, "बाहेरच्यांची न्हाई हो. घरचीच हाय."

"चावी कुटंय?"

"विकीच्या खिशात. अन् तितं फोन लागंना," गेणबा पुटपुटले.

"मग बकेटनंच सरकवावी लागंल. दार चेपंल तात्या. हार बी सुकला न्हाई अजून."

खालून गेणबांच्या बायकोची, गंगूबाईंची हाक आली, "अवं, पानी उंबऱ्याला लागलं."

गेणबांनी गाडीकडे पाहिलं. मग घराकडे.

"सरकव."

"विकी काय म्हनंल?"

"मला म्हनंल. तू सरकव."

नव्या पत्र्याचा चेपतानाचा आवाज मी ऐकला आहे. मीही पत्र्याचाच, अंगावर काटा आला. गाडी सरकली, बकेट मोरीत शिरली. चिखल निघाला, फांद्या निघाल्या, आणि निघाल्या भज्यांच्या कागदी प्लेटा, ढीगभर. हुसेनबी कढईत बघत राहिली. पाणी खळाळत मोरीत शिरलं. उंबऱ्याचं पाणी हटलं आणि गंगूबाई खराटा घेऊन अंगणात आल्या.

संध्याकाळी विकी आला. "आबा, कुनी केलं हे?"

"मी."

"हितं लाव म्हनून तुमीच म्हनला की."

"व्हय. म्हनून तर मीच ढकलायला लावली."

 चेपलेलं दार उघडेना, म्हणून विकी पलीकडच्या दारानं आत शिरला आणि गाडी वर शाळेच्या मैदानात नेऊन लावली. हुसेनबीनं मला परत जागेवर आणून ठेवलं, पण तोंड मोरीकडे करून. घाईत झालं, असं ती म्हणते. मोरीला वाचता येत नाही, हे तिला ठाऊक आहे. गेणबांनी मला पुन्हा रस्त्याकडे वळवलं.

मित्रांनो, मोठ्यांवरची आशा मी खर्ची टाकली आहे. त्यांना वाचता येतं, पण "दोनच मिनिटं" हा मंत्र म्हटला की त्यांना अक्षरं दिसेनाशी होतात. तुम्ही मुलं मात्र मागच्या सीटवर बसून दुकानांच्या पाट्यासुद्धा सोडत नाही. म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तुमची गाडी माझ्याजवळ हळू झाली, तर मला मोठ्यानं वाचा. गाडी थांबलीच, तर पुन्हा वाचा. बाबा वैतागतील. वैतागू देत. मी रोज वैतागतो, आणि खाली घरात माणसं राहतात.