शेळीचा पहारा

विश्वजीतचं काय चाललंय, असं देवगाव रंगारीत कुणी विचारलं की त्याचे वडील कारभारी गेली पंधरा वर्षं एकच उत्तर देत आले होते, "चालू हाये." इंजिनिअरिंगचे चार विषय राहिले तेव्हा चालू हाये. ते सोडून बी.एससी.ला नाव घातलं तेव्हाही चालू हाये. शहरात मुकुंदवाडीतल्या त्याच्या घराच्या वरच्या मजल्याचे गज आठ वर्षं आभाळाकडे तोंड करून उभे होते, तेही काम चालूच. पोराला कंपनीत नोकरी होती, बायको चांगली होती, सुपारीचंही व्यसन नव्हतं. फक्त हाती घेतलेलं काही तडीस नेलंय, असं एकही उदाहरण त्याच्या नावावर नव्हतं. त्याच्या लॅपटॉपलासुद्धा हे ठाऊक असावं. दोन वर्षांपासून तो रोज विचारायचा, अपडेट करू का, आणि विश्वजीत रोज 'नंतर' दाबायचा.

अशा माणसानं आठ महिने एका शेळीच्या पायी घातले. शेळी कॉम्प्युटरच्या खेळातली. कुठल्याशा थंड देशात एकट्यानं बसून कुणीतरी तो खेळ बनवला होता आणि बनवणाऱ्याचा साऱ्या जगावर राग असावा. सरळसोट कडा, वर टोकाला एक हिरवं झाड, आणि शेळीच्या चार पायांना चार वेगळी बटणं. एक पाय चुकला की शेळी थेट खाली ओढ्यात. पडताना ती अशी ओरडायची, की शेजारच्या घरातल्या माणसालाही आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं. आज इथवर, उद्या इथून पुढं, अशी सोय त्या खेळात ठेवलेली नव्हती. लॅपटॉप बंद झाला की पुन्हा ओढा.

त्यात लॅपटॉपची तऱ्हा निराळी. बॅटरी फुगली म्हणून काढून टाकलेली आणि चार्जरची पिन ढिली. ती अंगठ्यानं डावीकडे दाबून धरली तरच लॅपटॉप जिवंत राहायचा. चिकटपट्टी झाली, रबर झालं, कपड्यांचा चिमटा झाला, एकदा विटेचा तुकडाही लावून झाला. पिनेला माणसाचाच अंगठा लागायचा. म्हणून विश्वजीत दोन्ही हातांनी शेळी चढवायचा आणि पायाच्या अंगठ्यानं पिन दाबून धरायचा. त्याची बायको संस्कृती याला योगासन म्हणायची.

त्या रविवारी सलग अकरा तासांनी शेळी शेवटच्या कपारीवर पोचली. समोर झाड, मध्ये फक्त एक फट. चारही बटणं एकदम दाबायची आणि एकदम सोडायची, की झालं. विश्वजीतनं बोटं ठेवली आणि काढून घेतली. पुन्हा ठेवली, पुन्हा काढली. पायाला मुंग्या आल्या होत्या, दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती. त्यानं संस्कृतीला पिन धरायला बसवलं आणि रडवेला होऊन पलंगाच्या कडेला टेकला.

कारभारी आणि विश्वजीतची आई मनकर्णाबाई तेव्हा मुकुंदवाडीतच होते. कारभारींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, एका डोळ्यावर हिरवं फडकं होतं. पस्तिशीच्या पोरानं शेळीसाठी तोंड पाडलेलं पाहून आता आपली खरडपट्टी निघणार, अशी विश्वजीतची खात्री होती. त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं. कारभारींनी उघड्या डोळ्यानं शेळीकडं बराच वेळ पाहिलं.

"बंद पडला तर पयल्यापासून?"

"व्हय, दादा."

"मंग पडूच द्यायचा नाय. पहारा लावा."

गावच्या सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकू द्यायची नसते. दोन-दोन तासांनी माणूस बदलतो आणि वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तीस वर्षं त्या पहाऱ्याची यादी कारभारींनी केली होती आणि तीस वर्षांत वीणा एकदाही टेकली नव्हती. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत, पण दुसरं कुणी सांगू लागलं की मध्येच दुरुस्त्या करत.

त्यांनी कॅलेंडरचं मागचं पान फाडलं आणि सोमवार ते रविवार रकाने आखले. डोळ्यात थेंब दर दोन तासांनी घालायचे होतेच, तेव्हा पहारा बदलायला घड्याळही वेगळं लागणार नव्हतं. नियम असा, की नव्या माणसानं आपला अंगठा जुन्या अंगठ्यावर ठेवायचा, मग जुन्यानं खालून काढून घ्यायचा, आणि दोघांनी एकमेकांना मान लववायची. संस्कृतीला आधी हसू आलं. मंगळवारपर्यंत तीही न हसता मान लववू लागली.

शेजारचे मुबारकभाई डोळ्याची चौकशी करायला आले आणि दोन तासांनीच घरी गेले. त्यांचा इन्व्हर्टर विकण्याचा धंदा. लाइट गेली तर काय, असं त्यांनी पिन दाबता दाबता विचारलं आणि पाळी संपताच स्वतःच्या गच्चीवरून वायर टाकून दिली. लॅपटॉप-मोबाइल दुरुस्त करणारा अल्तमश मात्र वैतागला. पिन बदलणं दोन मिनिटांचं काम आहे, पण लॅपटॉप बंद करावाच लागेल, असं त्यानं कारभारींना तीनदा समजावलं. कारभारींनी त्याला तीनदा चहा दिला. जाताना यादीत त्याचं नाव गुरुवारी चार ते सहा असं पडलेलं होतं आणि गुरुवारी तो पावणेचारलाच हजर झाला.

मनकर्णाबाईंची काळजी वेगळी होती. त्यांनी आयुष्यभर शेरडं पाळली होती आणि चार दिवस एका जागी उभं असलेलं जनावर त्यांना बघवत नव्हतं. "पानी नाय, पाला नाय, आन् तुमी नुसतं बघत बसलेत," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनवायच्या. शेवटी त्यांनी पडद्यापुढं वाटीभर पाणी आणि घासाची एक पेंढी आणून ठेवली. ती पाहून गल्लीतल्या सारजाबाईंनी बाहेरूनच हात जोडले, दुसऱ्या दिवशी कुणीतरी नारळ ठेवला, आणि त्यानंतर हे सगळं कशासाठी चाललंय, हे विचारायचं राहूनच गेलं.

शुक्रवारी बाका प्रसंग आला. पिनेवर सारजाबाई होत्या आणि पडद्यावर निळी पाटी आली. सारजाबाईंना अक्षर येत नव्हतं, पण पाटीचा रंग त्यांना आवडला नाही. त्या जागच्या न हलता हाका मारत राहिल्या. कणकेच्या हातानं संस्कृती धावत आली, तेव्हा अपडेटसाठी पंधरा मिनिटांत मी आपला आपण बंद होतो, असं लॅपटॉपनं कळवलं होतं आणि त्यातली दोन मिनिटं उरली होती. तिनं 'नंतर' दाबलं. ती कणीक टचपॅडच्या बटणावर वाळून राहिली.

आणि विश्वजीत? तो रोज पाळी संपवून यायचा, हातपाय धुवायचा, शेळीपुढं बसायचा, चारही बटणांवर बोटं ठेवायचा आणि काढून घ्यायचा. उद्या बघू, म्हणायचा. अर्ध्या गल्लीचे अंगठे सुजले होते आणि याला मनातून बरं वाटत होतं. शेळी पडली नव्हती, पोचलीही नव्हती, आणि जोवर पहारा होता तोवर दोन्ही टळत होतं. आपण आजवर असेच जगत आलोय, हे त्याला त्या कपारीकडे बघताना लख्ख कळलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. तरीही शनिवारी त्यानं वडिलांपुढं हळूच विषय काढला, की पहारा आणखी आठवडाभर वाढवता आला तर बरं.

"सप्ता सातच दिसांचा," कारभारी म्हणाले. "उद्या बारा वाजता काला. तवा उडी."

रविवारी खोलीत अठरा माणसं होती. संस्कृतीनं लाह्या, दही आणि डाळिंबाचे दाणे कालवून पातेलं झाकून ठेवलं होतं. मुबारकभाई इस्त्रीचा सदरा घालून आले होते. शेवटचा पहारा यादी करणाऱ्याचा, म्हणून पिनेवर कारभारी बसले. बाराला एक मिनिट कमी असताना विश्वजीतनं बोटं ठेवली. त्याला घाम फुटला आणि सवयीप्रमाणे बोटं निघायला लागली. पण शेजारी वडिलांचा अंगठा होता, नखापर्यंत पांढरा पडलेला. विश्वजीतनं चारही बटणं दाबली आणि सोडली.

शेळी फट ओलांडून पलीकडे गेली. मागचा एक पाय घसरला, खोलीतला श्वास अडकला, मग तोही वर आला. ती झाडाखाली उभी राहिली, तिनं मान वाकवली आणि पाला ओरबाडून खाऊ लागली.

"खाल्लं गं माय," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले.

सगळ्यांनीच हात जोडले. अठरा माणसांनी, दोन्ही हात, आपोआप. त्यात कारभारीही होते. पडदा काळा झाला.

कारभारी आपल्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिले आणि मग त्यांना कळलं. तीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं होतं. "सुटला माझा हात," ते म्हणाले, आणि त्यांच्या उघड्या डोळ्यात पाणी आलं.

विश्वजीतला वाईट वाटायला हवं होतं. खेळ संपल्याची पाटी आली नव्हती, कुठं नोंद झाली नव्हती, कुणी फोटोही काढला नव्हता. पण त्याला इतकं हलकं याआधी कधी वाटलं नव्हतं. त्यानं वडिलांचे हात आपल्या हातात घेतले. "पोचल्यावर सुटला, दादा. आधी नाय."

अल्तमशनं घसा खाकरला आणि आता बंदच आहे तर आणा इकडं, असं म्हणत पिशवीतून सोल्डरिंग गन काढली. दोन मिनिटांच्या कामाला वीस मिनिटं लागली. लोकांनी काला खाल्ला, घासाची पेंढी सारजाबाईंनी आपल्या शेळीसाठी नेली. लॅपटॉप चालू झाला तसं त्यानं सगळ्यात आधी विचारलं, अपडेट करू का. विश्वजीतनं वाळलेली कणीक नखानं खरवडली आणि 'हो' दाबलं.

संध्याकाळी कारभारींना गावाहून त्यांच्या दोस्ताचा, बद्रीनाथचा फोन आला. त्यांच्या फोनचा स्पीकर महिनाभर चालूच होता. तो कसा बंद करायचा ते विश्वजीत उद्या दाखवणार होता. त्यामुळं डोळ्याची विचारपूस, कापसाची वेचणी, सगळं घरभर ऐकू येत होतं. मग बद्रीनाथनं नेहमीचं विचारलं, विश्वजीतचं काय चाललंय. विश्वजीत स्पीकर बंद करून द्यायला उठला.

कारभारींनी आपला दुखरा अंगठा चोळला. "झालं त्याचं," ते म्हणाले.

"काय झालं?"

"ते तुला फोनवर नाय कळायचं. पर झालं. पुरं झालं. म्या होतो तिथं."

विश्वजीत पुन्हा खाली बसला. स्पीकर त्यानं तसाच चालू राहू दिला.