रजेचे वाक्य

नरपडच्या चिकूवाडीत सकाळ समुद्राकडून येत नाही; मागच्या डोंगरांकडून, जरा उशिरानेच येते. झाडांचा घेर इतका दाट की उजेडाला आत शिरायला वाट सापडत नाही. आधी शेंड्याची पाने पिवळसर होतात, मग खालच्या फांद्यांवरची धूळ दिसू लागते, मग पाटाच्या पाण्यात एक बारीक रेघ हलते. कौलांवर, सायकलच्या सीटवर, दोरीवरच्या परकरावर तो सारखाच पडतो. डिसेंबर २०१८ च्या त्या रविवारीही त्यात विशेष काही नव्हते. तरी प्रितम ओटीवर बसून तो वीत वीत पुढे सरकताना पाहत राहिला. उजेड वाडीच्या टोकाला पोहोचला की चिकू काढणाऱ्या बायका दिसणार होत्या, आणि त्यांत सोनीबाई असणार होती.

"दाढी वाढली म्हणजे एक तर कविता सुरू, नाहीतर लग्न मोडलं," नूतन चहाचे कप ठेवत म्हणाली. तलासरीकडच्या आश्रमशाळेत दोघांनी दोन वर्षे एकत्र शिकवले होते. ती आता डहाणूत होती. ही वाडी तिच्या वडिलांची.

"दोन्ही नाही. आई मुली दाखवते, मी पेपर तपासायचेत म्हणतो."

"मे महिन्यातपण?"

तो हसला. पुष्कळ दिवसांनी हसल्याने गाल अवघडल्यासारखे झाले.

"आणि वर्गात? मुलांकडे बघून बोलतोस की अजून फळ्याशीच?"

"फळा प्रश्न विचारत नाही."

"एक ऐकलं मी. तुझ्याकडे म्हणे रजा मागावीच लागत नाही. पोरगं दारात उभं राहिलं की तू म्हणतोस, जा."

प्रितमने कप खाली ठेवला. ते खरे होते. अडीच वर्षे कोणतेही मूल उंबऱ्यावर आले की त्याला तिथे दुसरीच पावले दिसत, एकाचा अंगठा दुसऱ्यावर घासणारी. बोलण्यापूर्वी घेतलेला एक श्वास ऐकू येई. तो श्वास शब्द होण्याआधी त्याला मुलाला घालवून द्यायचे असे. कधीकधी वर्ग रिकामा असतानाही तो दाराकडे न पाहता "जा" म्हणे.

काळी सातवीत होती, सोनीबाईची मुलगी. रजा पूर्ण मराठी वाक्यात मागायची, हा नियम प्रितमचा. त्याला त्याचा अभिमान होता. तोंडात एक धड वाक्य असले की उद्या कचेरीतून या मुलांना कुणी हुसकणार नाही, असे तो मनापासून मानत असे. जुलैतल्या त्या शनिवारी काळी दारात आली आणि आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली. सोमवारी डहाणूत काव्यगायनाची स्पर्धा होती, आणि सगळ्या शाळेत तिच्यासारखा गळा नव्हता. "पूर्ण वाक्यात," तो म्हणाला. तिने दोनदा तोंड उघडले, मिटले आणि जागेवर जाऊन बसली. सोमवारी तिला उठवेना. मंगळवारी ती इस्पितळातच दगावली.

चौकशीत त्याने लिहून दिले: मुलगी बोलीभाषेत काही म्हणाली, मला अर्थ समजला नाही. सर मसोलीचे, शहरातले, त्यांना वारली कुठून कळणार, असे नूतननेच सगळ्यांना पटवले होते. सोनीबाईलाही.

"तिनेच तुला बोलवायला सांगितलं," नूतन आता हळू आवाजात म्हणाली. "तुला आता बोली येते ना? ती म्हणते, मास्तरला नुसता आवाज आठवला तरी अर्थ लागेल. पोर शेवटचं काय बोलली, एवढंच हवंय तिला. दुसरं काही मागत नाही."

सोनीबाई आली. टोकाला जाळी बांधलेला बांबू तिने झाडाला टेकवला आणि ओटीच्या पायरीवर बसली. पाड्यावर कुणी कुणाला 'तुम्ही' म्हणत नाही.

"बारीक झालास रं मास्तर. रांधं कोण तुला?"

"मीच."

"म्हंजे उपाशीच," ती म्हणाली, आणि तिघेही थोडे हसले. मग तिने पदराने हात पुसले. "माझे काळीने काय सांगला तुला? तवा तुला आमची बोली नव्हती. आता आली. सांग."

"आठवत नाही," हे उत्तर त्याने बसमध्येच तयार करून ठेवले होते. ते ओठांपर्यंत आले.

"खूप दिवस झाले गं," नूतन मध्ये पडली. "तेव्हा हा अगदीच नवा होता."

"नवा?" सोनीबाईला ते जुळेना. तिने कपाळाला आठ्या घातल्या. तिच्या बोलण्यात राग नव्हता. ती फक्त आठवत होती. "त्याच वरसाचे होळीला आमचे घरी आलता ना? माझे म्हातारीने आमचे बोलीत रानातल्या भुताची गोष्ट सांगली. तू सगळ्यांचे आधी हसलास."

नूतनने त्याच्याकडे पाहिले, आणि मग ती पाहायची थांबली. सोनीबाई मात्र पाहतच राहिली.

"'आंग तापलाय,'" प्रितम म्हणाला. त्याच्या तोंडून ती बोली सफाईने, एकही अडखळ न घेता आली. "'माना आयशीकडं जाव दे.'"

काळीने हे म्हटले, तेव्हाच त्याला ते कळले होते.